भंगारातून दिवाणखान्यात



दिवाळीच्या आधीचा आठवडा हा व्यापाऱ्याच्या घरी आवराआवरीचा असतो. २०२५ सालच्या दिवाळीपूर्वी सांगलीतील आमच्या दुकानातही ती चालू होती. रिकामी खोकी, मोडका तराजू, जुन्या कॅलेंडरांचे गठ्ठे आणि बिलिंगचा जुना संगणक असा ढीग भंगारवाल्यासमोर मांडला होता. संगणकाचे त्याने बाराशे रुपये सांगितले आणि मी होकारार्थी मान हलवली. तेवढ्यात सूनबाई आतून आल्या. दुकानाचे हिशेब गेली चार वर्षे त्याच पाहतात. त्यांनी एवढेच विचारले, "पप्पा, ह्यातली डिस्क काढली का?"

मी काढली नव्हती. ती काढायची असते, हेच माझ्या ध्यानात आले नव्हते. त्या डिस्कमध्ये नऊ वर्षांच्या खातेवह्या, गिऱ्हाइकांचे दूरध्वनी क्रमांक, बँकेचे उतारे आणि जीएसटीची विवरणपत्रे होती. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. ती सर्व मी बाराशे रुपयांत, अनोळखी माणसाच्या हातगाडीवर ठेवून देण्यास निघालो होतो.

संगणक परत आत आला. त्याचे पुढे काय झाले, त्याची हकीकत या वेळच्या लेखात सांगणार आहे. आपल्यापैकी अनेकांच्या दुकानांत असे यंत्र आज कोपऱ्यात पडून असेल, म्हणून ती सांगणे अगत्याचे वाटते.

यंत्र बाद का झाले?

आमचा संगणक बिघडलेला नव्हता. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीला सुरक्षेच्या सुधारणा पुरवणे १४ ऑक्टोबर २०२५ पासून सर्वसाधारणपणे थांबवले. पुढची प्रणाली, म्हणजे विंडोज ११, ही इंटेलच्या आठव्या पिढीच्या आणि त्यानंतरच्या प्रोसेसरांनाच अधिकृतपणे मान्य करते. आमचे यंत्र २०१६ साली घेतलेले, सहाव्या पिढीचे. सुरक्षेच्या सुधारणा न मिळणाऱ्या यंत्रावर बँकेचे आणि कराचे व्यवहार करू नयेत, हे योग्यच आहे. म्हणून दुकानासाठी नवे यंत्र घेतले आणि जुने धडधाकट असूनही निकामी ठरले. पेढीवरून निवृत्त झालेला मुनीम जसा घरच्या एखाद्या कामाला पुरून उरतो, तशीच या यंत्राची गोष्ट आहे. प्रश्न इतकाच होता की, ते काम कोणते?

त्याचे उत्तरही त्याच आवराआवरीत सापडले. वरच्या फळीवर व्हिडिओ कॅसेटांचे एक खोके होते. आमचे वडील, ज्यांना आम्ही सारे आप्पा म्हणतो, ते आज ८४ वर्षांचे आहेत. दर दिवाळीला ते विचारतात, "त्या कॅसेटा कधी लावता येतील का रे?" आणि दर दिवाळीला मी म्हणतो, "बघू या." घरचा व्हीसीआर बंद पडून कैक वर्षे झाली. नवा कोठून आणणार? जगात व्हीसीआर बनवणारी अखेरची कंपनी, जपानची फुनाई, हिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले.

मूळच्या कॅसेटा एकोणीस होत्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला जो महापूर आला, त्यात आमच्या गोदामातील खालच्या फळ्या पाण्याखाली गेल्या आणि आठ कॅसेटा चिखलात गेल्या. आमच्या लग्नाची कॅसेट त्यांत होती. उरल्या अकरा. आई २०१२ साली गेली. तिचा आवाज असेल, तर तो या अकरा कॅसेटांतच असेल, हे आप्पा कधी बोलून दाखवत नसत. परंतु ते काय विचारत होते, हे आम्हा सर्वांना कळत होते.

सूनबाई म्हणाल्या, "हा संगणक घरच्या टीव्हीला जोडू या. कॅसेटा यातच उतरवू, आणि सगळ्यांना एकत्र बसून पाहता येतील."

टीव्हीमागचा संगणक म्हणजे काय?

इंग्रजीत ज्याला होम थिएटर पीसी म्हणतात, तो म्हणजे दिवाणखान्यातील टीव्हीला कायम जोडलेला साधा संगणक. त्याचा पडदा म्हणजे टीव्ही. घरातील फोटो, चित्रफिती, विकत घेतलेल्या सीडी-डीव्हीडी, भजनांचे आणि व्याख्यानांचे ध्वनिमुद्रण हे सारे एका ठिकाणी ठेवायचे आणि मोठ्या अक्षरांच्या यादीतून निवडून सोफ्यावर बसल्या बसल्या पाहायचे, हा त्याचा उपयोग. मायक्रोसॉफ्टने २००२ साली विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर ही आवृत्ती याच हेतूने काढली होती. विंडोज १० मधून मात्र ती सोय वगळली. आज या कामासाठी सर्वांत प्रसिद्ध असलेली कोडी ही आज्ञावली मुळात एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी स्वयंसेवकांनी लिहिली, आणि २०१४ साली तिला कोडी हे नाव मिळाले. ती पूर्णपणे विनामूल्य आहे.

आधी नफा-तोट्याचा विचार

उत्साहाच्या भरात खरेदी करणारा व्यापारी फसतो. म्हणून कोणी या वाटेला जाऊ नये, हे आधी सांगतो.

ज्या घरात केवळ इंटरनेटवरील चित्रपट आणि मालिका पाहिल्या जातात, त्या घराला या खटाटोपाची गरज नाही. स्मार्ट टीव्ही, किंवा टीव्हीच्या मागे खोचण्याची लहानशी कांडी, तेच काम कमी पैशांत आणि अधिक चांगले करते. वर्गणी भरून पाहायच्या अनेक सेवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये मुद्दाम कमी स्पष्टतेचे चित्र देतात. लिनक्स प्रणालीवर तर हे अधिकच जाणवते. तेव्हा त्या हेतूने संगणक जोडणाऱ्याच्या पदरी निराशाच येईल.

परंतु ज्या घरात स्वतःचा ठेवा आहे, म्हणजे जुन्या कॅसेटा, हजारो फोटो, मुलांच्या स्नेहसंमेलनांच्या चित्रफिती, त्या घराला मात्र अशा यंत्राचा खरा लाभ होतो. हा ठेवा कोणत्याही वर्गणीत मिळत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. अशा यंत्राचा विषय निघाला की, चित्रपट फुकट उतरवून घेण्याचा विषयही निघतोच. ज्याचे मोल दिले नाही तो माल आपण दुकानात ठेवत नाही. मग तो घरात तरी का ठेवावा? आमच्या यंत्रात घरचे चित्रण आणि विकत घेतलेल्या तबकड्या एवढेच आहे, आणि तेवढे भरपूर आहे.

यंत्राची पारख

माल हातात घेऊन पारखल्याशिवाय भाव सांगू नये. जुन्या संगणकाची पारख पुढीलप्रमाणे करावी.

पहिली गोष्ट म्हणजे प्रोसेसरची पिढी. यंत्रावर किंवा त्याच्या माहितीत 'आय-फाइव्ह ६५००' असे काहीतरी लिहिलेले असते. अशा चार आकडी क्रमांकातील पहिला आकडा हीच पिढी, येथे सहावी. हे का पाहायचे? चित्रफीत ही दाबून, घडी घालून ठेवलेली असते. ती उलगडण्याचे काम प्रोसेसरमधील स्वतंत्र भागाने केले तर यंत्र शांत आणि थंड राहते. तो भाग नसेल तर सारा प्रोसेसर राबतो, पंखा घोंघावू लागतो आणि चित्र अडखळते. एच-२६४ ही २००३ पासूनची घडीची पद्धत बहुतेक सर्व जुनी यंत्रे सहज उलगडतात. मोबाइलमध्ये आढळणारी एचईव्हीसी ही २०१३ ची पद्धत उलगडण्याची सोय इंटेलच्या सहाव्या पिढीपासून मिळते, आणि तिचा अधिक रंगछटांचा, दहा बिटांचा प्रकार सातव्या पिढीपासून. एव्ही-१ ही २०१८ ची पद्धत हवी असेल तर अकराव्या किंवा त्यानंतरच्या पिढीकडेच जावे लागते. घरच्या चित्रणासाठी सहावी पिढी पुरेशी आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे मागच्या बाजूचे खाचे. एचडीएमआयच्या एकाच तारेतून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. दुकानातील यंत्रांना पुष्कळदा तो खाचा नसतो. त्याऐवजी डिस्प्लेपोर्ट असतो. डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआयकडे जाणारी तार मिळते आणि तिच्यातूनही आवाज जातो. निळ्या रंगाचा जुना व्हीजीए खाचा मात्र केवळ चित्र देतो, आवाज देत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे मी आधी व्हीजीएची तार आणली आणि मुक्या टीव्हीसमोर अर्धा तास बसलो.

तिसरी गोष्ट म्हणजे पडदा. टीव्ही ४के असेल तर लक्षात ठेवावे की, जुन्या यंत्रांतील एचडीएमआयची १.४ ही आवृत्ती ४के चित्र सेकंदाला ३० चौकटींपर्यंतच देते. ६० साठी २.० आवृत्ती लागते. आमचा टीव्ही फुल एचडी आहे, त्यामुळे हा प्रश्न आला नाही. शिवाय भारतातील जुन्या पाल पद्धतीच्या कॅसेटमध्ये चित्राच्या उभ्या दिशेने ५७६ रेषाच असतात. पडदा कितीही भारी घेतला तरी कॅसेटमध्ये जे नाही ते त्यात दिसणार नाही. जुन्या चित्रणासाठी महागडा टीव्ही घेऊ नका.

ज्यांच्याकडे जुने यंत्र नाही, त्यांनी कार्यालयांतून निघालेली वापरलेली यंत्रे पाहावीत. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी करता येते. नवेच हवे असेल तर इंटेलच्या एन-१०० या २०२३ साली आलेल्या प्रोसेसरचे तळहाताएवढे यंत्र या कामास उत्तम. तो प्रोसेसर अवघा ६ वॅटचा आहे आणि एव्ही-१ देखील उलगडतो.

कामाचा क्रम

सर्वप्रथम डिस्क. सूनबाईंनी दुकानाच्या हिशेबाची प्रत नव्या यंत्रावर घेतली, ती उघडून पडताळली, आणि मगच जुनी डिस्क काढून, तारखेची चिठ्ठी लावून तिजोरीत ठेवली. केवळ 'फॉरमॅट' केल्याने डिस्कवरील माहिती खऱ्या अर्थाने पुसली जातेच असे नाही. जाणकार माणूस ती पुष्कळदा परत काढू शकतो. म्हणून दुकानाची डिस्क घरच्या यंत्रात ठेवायची नाही, असा आमचा नियम ठरला.

दुसरे काम सफाईचे. वीज पूर्ण तोडली, यंत्राच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवली, आणि अंगणात नेऊन मऊ ब्रशने धूळ काढली. नऊ वर्षांची धूळ म्हणजे पंख्यावर लोकरीची घोंगडीच होती. पंखा झाडताना बोटाने धरून ठेवावा. तो जोराने फिरू देऊ नये. प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप सुकून खडूसारखा झाला होता. तो पुसून वाटाण्याएवढा नवा लेप लावला. यंत्र तारीख विसरत होते, म्हणून आतील नाण्याएवढी बॅटरी बदलली. एवढ्यानेच यंत्राचा आवाज निम्म्यावर आला. दिवाणखान्यात शांतता ही चैन नाही. आप्पांसारख्या कमी ऐकू येणाऱ्या माणसाला पंख्याच्या घोंगावण्यात संवाद कळत नाहीत.

तिसरे काम म्हणजे जुन्या फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी. जुन्या यंत्राला नवा जीव देणारी सर्वांत मोठी सुधारणा हीच. पूर्वी सुरू होण्यास चहा पिऊन व्हावा इतका वेळ लागे. आता मिनिटाच्या आत पडदा उजळतो. रॅम ४ जीबी होती, ती ८ केली. या कामाला त्याहून अधिक लागत नाही. दुकानदाराने १६ घेण्याचा आग्रह केला तरी नम्रपणे नकार द्यावा.

चौथे काम प्रणालीचे. लिनक्स मिंट ही विनामूल्य प्रणाली घातली. तिला सुरक्षेच्या सुधारणा मिळत राहतात, आणि आठव्या पिढीची अटही नाही. तिच्यावर कोडी आणि व्हीएलसी या दोन आज्ञावल्या घातल्या. केवळ कोडीच चालवायची असेल तर लिबरइलेक ही अत्यंत आटोपशीर प्रणाली आहे; परंतु कॅसेटा उतरवायच्या असल्याने आम्ही मिंट निवडली.

पाचवे काम आवाजाचे. पातळ टीव्हीचे ध्वनिक्षेपक मागे किंवा खाली तोंड करून बसवलेले असतात. घरात पडून असलेल्या जुन्या म्युझिक सिस्टिमला संगणकाच्या हेडफोनच्या खाचेतून साधी तार जोडली आणि दोन्ही स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानांच्या उंचीवर ठेवले. नवीन साउंडबार घेण्याचा बेत त्याच दिवशी रद्द झाला.

जमाखर्च

आमच्या वहीतील खर्च जसाच्या तसा देतो. भाव गावोगाव आणि आठवड्याआठवड्याला बदलतात, रॅमचे तर फारच. तेव्हा खरेदीच्या दिवशी तीन ठिकाणी चौकशी करावी.

एसएसडी, २४० जीबी: १,९०० रुपये
रॅम, वापरलेली ४ जीबी: ९०० रुपये
डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय तार: ४५० रुपये
स्पर्शफलक असलेला बिनतारी कीबोर्ड: १,३५० रुपये
लेप, ब्रश, बॅटरी: २५० रुपये

टीव्हीमागचा संगणक येथे पूर्ण झाला. एकूण ४,८५० रुपये. यात भंगाराचे न मिळालेले बाराशे धरले तर ६,०५०. यानंतरचा खर्च आमच्या ठेव्यासाठी:

कॅसेट उतरवण्याचे यूएसबी उपकरण: १,६०० रुपये
बाहेरून जोडायच्या १ टीबीच्या दोन डिस्क: ९,४०० रुपये

आमच्या खिशातून गेलेली रक्कम १५,८५०. आणि माझ्या चुकीच्या व्हीजीए तारेचे दीडशे रुपये, जे सूनबाईंनी 'शिक्षण' या खात्यावर टाकले.

विजेचाही हिशेब करावा. असे जुने यंत्र साधारण ६० वॅट घेते असे धरले आणि रोज चार तास चालवले, तर महिन्याला ७.२ युनिट होतात. तेच अहोरात्र चालू ठेवले तर ४३.२ युनिट. म्हणून पाहून झाले की यंत्र बंद करावे. उलट १० वॅटचे लहान यंत्र चोवीस तास चालूनही महिन्याला ७.२ युनिटच घेते. ज्यांना यंत्र सतत चालू ठेवायचे आहे, त्यांनी हा फरक खरेदीपूर्वी पाहावा.

कॅसेटांची कसोटी

सर्वांत नाजूक काम हेच. एका छायाचित्रकार स्नेह्यांकडे चालू स्थितीतील व्हीसीआर होता. तो त्यांनी आठ दिवसांसाठी दिला.

अकरापैकी तीन कॅसेटांच्या पारदर्शक खिडकीतून फितीवर पांढरी भुकटी दिसत होती. ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद कपाटातील कॅसेटांना ती सहज धरते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये कधीही घालू नये. फीत तुटू शकते, यंत्राचे हेड खराब होते आणि पुढच्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला तीच बुरशी लागते. मोह आवरून त्या तीन बाजूला, वेगळ्या डब्यात ठेवल्या; त्या या कामातील जाणकाराकडूनच स्वच्छ करून घ्यायच्या आहेत. राहिल्या आठ.

प्रत्येक कॅसेट आधी शेवटपर्यंत पुढे आणि मग मागे गुंडाळून घेतली, म्हणजे वर्षानुवर्षे चिकटलेली फीत मोकळी होते. व्हीसीआरच्या पिवळ्या, पांढऱ्या व लाल तारा त्या यूएसबी उपकरणाला जोडल्या, आणि ओबीएस स्टुडिओ या विनामूल्य आज्ञावलीने चित्रण भरून घेतले. यात घाई करता येत नाही. तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात. चित्रणात कोणी हात हलवला की कडेला फणीसारखे दाते दिसतात. तो दोष कॅसेटचा नसून जुन्या प्रसारणपद्धतीचा असतो. पाहताना कोडीत किंवा व्हीएलसीत 'डीइंटरलेस' ही सोय चालू केली की ते नाहीसे होतात.

सुमारे वीस तासांचे चित्रण निघाले. तासाला १.८ जीबी याप्रमाणे ते ३६ जीबीत मावले. फायलींना आधी साल आणि मग प्रसंग अशी नावे दिली, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते.

यानंतर महापुराची आठवण ठेवून एक नियम केला. प्रत्येक चित्रणाच्या तीन प्रती. एक टीव्हीमागच्या संगणकात, एक घरच्या डिस्कवर, आणि एक डिस्क माझ्या धाकट्या बहिणीकडे बेळगावला, कृष्णेच्या पाण्यापासून दूर. एकाच छताखालच्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत, हे २०१९ ने आम्हाला शिकवले आहे. डिस्कांवर जी भरपूर जागा उरली, तिच्यात घरातल्या सर्वांच्या मोबाइलमधील फोटो गेले.

पहिली संध्याकाळ

रविवारी दिवेलागणीपूर्वी जेवणे आटोपली आणि सारे दिवाणखान्यात जमले. एरवी त्या वेळी प्रत्येकाच्या हातात स्वतःचा मोबाइल असतो. सूनबाईंनी १९९१ सालच्या दुकानातील वहीपूजनाचे चित्रण लावले. रंग फिके, मधूनच एक पांढरी रेघ सरकून जाई. जुन्या लाकडी गल्ल्यामागे काळ्याभोर केसांचे आप्पा बसलेले. नातवंडांना ते ओळखूच येईनात.

मग कॅमेरा वळला आणि पडद्याबाहेरून आवाज आला, "अहो, आधी जेवून घ्या, शूटिंग मग करा." चित्रणवाल्याला उद्देशून बोलणारी ती आई होती. ती चित्रात अजून आली नव्हती, नुसता आवाज.

आप्पा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने सूनबाईंकडे वळून म्हणाले, "मागे घेता येतं का गं? आणि आवाज जरा वाढव."

ते वाक्य त्या संध्याकाळी आम्ही चार वेळा ऐकले. निघताना माझ्या मुलाने विचारले, "पप्पा, तुमच्या लग्नाची कॅसेट कुठली?" ती कुठली, हे वर सांगितलेच आहे. २०१९ च्या आधी कधीही, एका आठवड्याचा वेळ आणि थोडे पैसे खर्चून, ती वाचवता आली असती. त्या प्रत्येक दिवाळीला मी 'बघू या' म्हणालो होतो.

वाचकहो, काटकसर म्हणजे कमी खर्च करणे, असे आपण मानतो. भंगारवाल्याला मी मान हलवली, तेव्हा मलाही आपण अडगळीचे चार पैसे करतो आहोत असेच वाटले होते. परंतु जे देऊन टाकत आहोत त्यात काय आहे हे पाहिल्याशिवाय केलेली विक्री, आणि जे जपायचे आहे ते पुढच्या वर्षावर ढकलणे, ही दोन्ही तोट्याचीच कामे. पहिला तोटा सूनबाईंच्या एका प्रश्नाने टळला. दुसरा भरून निघणारा नाही.

तेव्हा या रविवारी दोनच कामे करावीत. दुकानाच्या कोपऱ्यातील जुन्या संगणकाची पिढी पाहावी आणि त्यातली डिस्क तपासावी. मग माळ्यावरच्या कॅसेटांचे खोके खाली उतरवून, प्रत्येक कॅसेटची खिडकी उजेडात धरून बघावी. पावसाळा यायच्या आत.